खर्ऱ्याच्या पन्नीतलं शेण

इंद्रकला कटरे शेण आणते खर्ऱ्याच्या पन्नीत.
नवऱ्याचा खर्रा संपला की पन्नी धुऊन वाळत घालते,
तिच्या घरी काही वाया जात नाही.
"ताजं हाये जी, आताच टाकलन.
पन्नी अजून गरम हाये पाहा."
मी हात लावतो. गरम असते.

डॉक्टर बुधवारी आणि शनिवारी.
बाकीचे दिवस मी, परिचर,
कुलूप, रजिस्टर, बर्फाच्या डब्यात लस,
आणि एक सूक्ष्मदर्शक, ज्याचा आरसा
मी खिडकीकडे वळवतो,
कारण बल्ब जाऊन दोन वर्षं झाली.

मिठाच्या पाण्यात शेण कालवायचं,
गाळणीतून काढायचं
(तिच्या दांड्याला लाल दोरा बांधलाय, चहात जाऊ नये म्हणून).
गोलकृमीची अंडी हलकी, वर तरंगतात.
चपट्याची जड. ती साध्या पाण्यात
तळाशी बसायची वाट पाहावी लागते.
मी वरचंही पाहतो, तळातलंही.

पहिल्यांदा दिसलं तेव्हा
कुणी सांगितलं नव्हतं ते देखणं असेल:
पिकल्या धानाचा दाणा,
एका टोकाला इवलं झाकण.
मी नजर काढली नाही, डोळ्यात पाणी येईपर्यंत.
आणि बाहेर कबरी उभी,
जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबतेय,
पापणी उलटवली तर आत कागद.

मार्च लागला की तलाव मागे सरतो,
हिरवं उरतं फक्त काठाला.
साऱ्या गावची गुरं तिथेच, आणि तिथेच शंख.
गोगलगाय अन् पोटात पाय, म्हणतात.
पायाचं मला माहीत नाही.
तिच्या पोटातून निघतं ते गवतावर चढून बसतं
आणि गायीची वाट पाहतं.

"खाते पन अंगाले लागत नाई,
दूध चारवरून दीडावर आलं.
सासू म्हन्ते नजर."
सासूनं पळसपापडी कुटून गुळात दिली होती.
मी हसत नाही. लहानपणी मलाही दिली होती,
दोन दिवस तोंड कडू.
मागल्या खेपेची आमची गोळी
इंद्रकलेनं मधोमध फोडली,
अर्धी कबरीला, अर्धी कालवडीला,
मायलेकीत वाटणी बरोबर.
अर्ध्या गोळीनं कृमी मरत नाहीत,
गोळीची ओळख मात्र करून घेतात.

काटा नाही. छातीभोवती सुतळी धरली,
सुतळी पट्टीवर मोजली, वजन काढलं, गोळ्या मोजल्या.
"पूर्ण द्यायची. आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस
दूध डेअरीत घालायचं नाही."
"मंग करू काय त्याचं?"
याचं उत्तर रजिस्टरात नाही.

ती गेली नाही. उंबऱ्यात उभी राहिली.
"हे मानसाले पन होते का जी?"
हेच नाही, म्हटलं, पण जंत होतात, दुसरे.
"अनवानी फिरलं तं?"
होतात.

दुसऱ्या दिवशी परत पन्नी. लहान. गाठ घट्ट.
"कोनाचं हाये ते इचारू नका.
तुमच्या त्या दुर्बिनीतून पाहून द्या."

मला अधिकार नाही.
आरसा उन्हाकडे वळवला.
पाहिलं, परत पाहिलं,
मग आशाताईंच्या नावे चिठ्ठी लिहिली
आणि तिला सांगितलं, आजच जा, उद्या नको.

रजिस्टरचे रकाने रिकामे ठेवता येत नाहीत.
मालक: इंद्रकला कटरे.
जनावर: वासरू.
वय: नऊ वर्षं.

शनिवारी डॉक्टर ओळीवरून बोट नेतात.
बोट थांबतं.
आरशावरचं ऊन छतावर हलत असतं.
ते सही करतात.
"टेंभरे," पेनाचं टोपण लावत म्हणतात,
"बल्बचा अर्ज पुन्हा लिहा."