उजवा पाय

उबोनच्या रानातला विहार.
बुनलुआ मांडी घालून बसलाय.
वीस वर्षं ट्रक हाकला त्यानं :
ऊस, बर्फाच्या लाद्या, जिवंत कोंबड्या.

गुडघा ठणकतो. ठणकू दे.
कानाच्या पाळीवर डास. असू दे.
सैपाकघरात कुणी मिरची कुटतंय,
श्वास हळूच त्या ठोक्यांवर पडू लागतो.

मग मिटल्या डोळ्यांत उजेड.
येतो म्हणे कधी कधी, शुभ असतो.
पण हा समोरून येतोय,
दोन दिव्यांचा,
खोन केनच्या त्या वळणावरचा.

मांडीखाली उजवा पाय आवळतो,
ब्रेक चाचपतो.

म्हातारे भिक्खू खाकरतात.
“दाबू नकोस रे.
रस्ता त्याचाही आहे.”

उजेड अंगावरून गेला.
मागे मिरचीचा ठसका,
डास केव्हाच पिऊन उडालेला,
आणि पाऊल,
अजून जरासं वाकडं.