पटसंख्या

पहाटे पाचला तासगावच्या स्टँडावर
मी पहिल्यांदा मोजली :
त्रेचाळीस डोकी,
एक पिंप पाणी, आणि झांबरे बाईंच्या पिशवीत
उलटी होणाऱ्यांसाठी बारा लिंबं.

सहलीत मास्तर दुसरं काही पाहत नसतो.
वाईला उतरलो, त्रेचाळीस.
मेणवलीच्या घाटावर, त्रेचाळीस,
त्यातला एक नदीत, चपलेसकट.
तिथं ती वसईची घंटा,
लढाई जिंकून इतक्या लांब ओढत आणलेली.
तिच्यावर बाळ घेतलेली बाई.
अस्मा मुजावरनं विचारलं, ही कुणाची आई?
मी म्हणालो, पोर्तुगीजांची.
मग माझं मलाच हसू आलं.
सुयशनं तिला हळूच टिचकी मारली.
ती काहीतरी बोलली म्हणे,
पण फक्त त्यालाच ऐकू आलं.

किकलीला भैरवनाथाच्या आवारात वीरगळ.
प्रार्थनेला उभ्या केलेल्या इयत्तेसारखे ओळीनं,
काही वाकडे, काही एकमेकांना टेकलेले.
तेजश्री माळी म्हणाली, सर, हे खालून वर वाचायचं असतं.
खाली तो मरतो,
मध्ये बायका त्याला उचलून नेतात,
वर तो पिंडीपुढं बसतो,
आणि पार वर चंद्र-सूर्य, म्हणजे कायमचं.
एका दगडावर तळाला गाई होत्या.
गाईंसाठी मेला? हणमंत ऐवळेनं विचारलं.
त्याच्या घरी दोन जर्सी आहेत.
तो त्या दगडापाशीच राहिला,
म्हणून गाडीत मोजताना बेचाळीस आले
आणि माझ्या पोटात गोळा आला.

परतीला, कोरेगाव ओलांडल्यावर
गाडीचा पट्टा तुटला.
वडजाई खुर्द. सहलीच्या कागदावर नसलेलं गाव.
खंडू बाबर बॉनेट उघडून आत वाकले,
पोरं चावडीच्या कट्ट्यावर पसरली
उरलेली चटणी-चपाती सोडून.
भिंतीत एक संगमरवरी पाटी,
एका कोपऱ्याला कुणीतरी चुन्याचं बोट पुसलेलं.
या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास
अडतीस माणसे गेली.
पैकी नऊ माघारी आली नाहीत.
इतकंच.
निवास जंगमनं ते वहीत उतरवून घेतलं,
मग पाटीच्या कडेनं, खालून, वाकून बघू लागला,
पान उलटून मागं बघावं तसं.
सर, नावं कुठायत?

मी म्हणणार होतो, जागा नसेल.
पण अर्ध्याहून जास्त दगड कोराच होता.

कारणं, घटना, परिणाम,
वीस वर्षं मी हेच शिकवत आलो.
पोरांना फ्रान्स सांगितलं, बसरा सांगितलं,
खंदकातला चिखल सांगितला.
त्या नऊंचं मात्र काहीच सांगता येईना :
पोहायला कुणाला येत होतं,
लग्न कुणाचं ठरलं होतं,
बोटीवर पहिल्यांदा कोण ओकलं
आणि कुणाकडे लिंबू होतं का.

पट्टा बसला. खंडू बाबरांनी हॉर्न दिला.
मी सवयीनं गाडीच्या दारात उभा राहून
बोट उचललं, एक, दोन,
आणि ते बोट मला
भरतीच्या कारकुनाचं वाटलं.
खाली केलं.
पिशवीतून हजेरीचा पट काढला.
अंधारून आलेलं, अक्षरं नाकाशी धरून वाचली.
ऐवळे हणमंत.
कोष्टी सुयश.
जंगम निवास.
माळी तेजश्री.
मुजावर अस्मा.
हजर. हजर सर. एक हजर तोंडात चपाती घेऊन.
झांबरे बाई म्हणाल्या, अहो, उशीर होतोय, डोकी मोजा की नुसती.
मी वाचत राहिलो,
आडनावासकट, बापाच्या नावासकट,
त्रेचाळिसाव्यापर्यंत.

चावडीसमोरच्या पारावर एक म्हातारे होते,
काठीवर हनुवटी टेकून,
आम्ही आल्यापासून एक शब्द न बोललेले.
मी पट मिटला तेव्हा ते म्हणाले,
गुरुजी,
परत एकदा वाचा की.