सबब

अर्ज घ्यायच्या खिडकीत मी बसतो.
आरुषा, डोडोमा रस्ता, तळमजला.
शिक्का, शाईची उशी, पोचपावत्यांचं पुस्तक
आणि एक वही, जी कुणीच मागत नाही:
परत पाठवलेल्यांची.

एलिफुराहा किवेलू आली तेव्हा
चपलांना उसा नदीकडचा लाल चिखल होता.
कागद केळीच्या वाळल्या सोपटात बांधलेले.
प्लास्टिकला घाम येतो, म्हणाली, शाई पसरते.

भाऊ आत आहे. तीस वर्षं.
नाव गॉडलिसन,
म्हणजे देवा, ऐक.
आईने नाव ठेवतानाच अर्ज करून ठेवलेला,
अजून सुनावणीला आलेला नाही.

खटल्यात वकील नव्हता.
साक्षीदाराने त्याला पाहिलं अंधाऱ्या रात्री
आणि ओळखलं चालीवरून.
जिल्हा कोर्ट, हायकोर्ट, मग अपिलाचं कोर्ट.
तिथे फाइल सहा वर्षं झोपली,
कूस न बदलता.

आमचा नियम मला पाठ आहे:
आधी घरची सगळी दारं ठोठवा,
शेवटचं बंद झाल्याचा कागद आणा,
मग आमच्या कडीला हात लावा.
यात गैर काय? मीही तसाच वाढलो,
थोरल्याची तक्रार आधी थोरल्याकडेच.

ती सगळी ठोठावून आली,
बोटांची सालं निघेपर्यंत.
नऊ वर्षं लागली.
आणि आठव्या वर्षी
घरधन्याने आमच्या दाराची किल्ली मागून घेतली.
किल्ली म्हणजे सही. एक घोषणापत्र होतं,
त्यावरची सही सरकारने मागे घेतली.
आधी आले ते आत राहिले.

हे मी तिला हळू सांगितलं,
आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसं.
कोर्ट चालू आहे ना?
चालू आहे.
न्यायाधीश?
आत आहेत. अकरा.
मग?

मागच्याच आठवड्यात वागादुगूहून
एकाचा अर्ज आला, फ्रेंचमध्ये.
तो मी घेतला. त्याच्या सरकारची सही शाबूत आहे.
अर्धा खंड ओलांडून तो जवळचा,
आणि दोन गाड्या बदलून आलेली ही
परमुलखातली.

या कुंपणाचे दगड माझ्या मामाने रचलेत, म्हणाली.
त्यावर नियमांत काही नाही.

मी छापील पत्र काढलं.
'सबब अर्ज विचारात घेता येत नाही.'
आमच्या स्वाहिलीत हा शब्द सबाबू, म्हणजे कारण.
तुमच्याकडे म्हणे
तोच शब्द बहाण्यालाही चालतो.
ती दोनदा वाचत राहिली,
दोन्ही अर्थ तिला आमच्याच भाषेत सापडले असावेत.
मग घडी घालून सोपटात बांधलं,
बाकीच्या निकालांवर, सगळ्यात वर.

उठली नाही पण.
मी आले होते एवढं तरी लिहा.

मी ती वही काढली.
तारीख, वेळ, गाव.
ती खिडकीतून अर्धी आत वाकली,
माझ्या अक्षराकडे बघत.
गॉडलिसन नीट लिहा, म्हणाली,
पुढे कुणाला तरी वाचता आलं पाहिजे.