ठिगळ

कीथलीच्या श्वानगृहातून आणला तेव्हा
कागदावर जातीच्या रकान्यात एकच शब्द होता: क्रॉस.
थोडा कोली, थोडा व्हिपेट, बाकी देव जाणे,
तिथली बाई म्हणाली,
आणि देवाचंही तिला फारसं खरं वाटत नसावं.

नाव मी ठेवलं.
बस स्टँडमागे माझं कपडे दुरुस्तीचं दुकान.
पांढऱ्या अंगावर, डाव्या डोळ्याभोवती
तपकिरी तुकडा, कडा वाकड्या,
नव्या पोरीनं घाईत टाके घातल्यासारखा.
दुसरं काय म्हणणार मी त्याला?

बिल्ला कोरणाऱ्या पोरानं अक्षरं वाचली: थाय-गल.
मांड्यांवर गेलेलं ते नाव ऐकून
लाजला तो, हसले मी.

शेजारचे क्लिफर्ड, गिरणीत चाळीस वर्षं काढलेले,
टिगल म्हणत, कधी टिगर.
जीभ मागे दुमडा काका, टाळूला टेकवा,
आणि सोडा.
तीन मंगळवार दुमडली त्यांनी.
ळ काही निघेना.
ज्या गावाच्या नावात लिहितात घ आणि म्हणतात थ,
तिथं मी कुणाच्या उच्चारावर रागवावं?

मग त्यांनी अर्थ विचारला.
सांगितला.
"म्हणजे पॅच! आमच्या गल्लीत तीन होते,
एक तर मांजर होतं."

घ्या. इचलकरंजीहून इतक्या लांब
जपून आणलेला शब्द
इथं आधीच दारोदार भुंकत होता.

आई म्हणायची, लाज फाटक्याची असते, ठिगळाची नाही.
आणि आभाळच फाटलं तर, तेही म्हणायचीच.
इथलं आभाळ तर रोजच उसवलेलं.

मार्चमध्ये वरच्या माळावर
सशामागे सुटला तो, धुक्यात दिसेना.
माझा घसा बसलेला.
क्लिफर्ड ओरडले, पॅच! पॅच!
कुठूनतरी दुसराच एक कुत्रा भुंकला.
मग घाबरून, छातीतून काहीतरी वर येतं तसं,
"ठिगळ!"

ळ. अख्खा, ओला, कोल्हापुराकडचा.

आला. पोटापर्यंत चिखल,
तपकिरी कुठं संपतं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी कुंपणावरून
टिगल, म्हणाले क्लिफर्ड, टिगल बेटा, ये.
तोही गेला.