गुरुवारची हजेरी

ऑगस्टमध्ये सगळ्यांनी सह्या केल्या.
निळ्या शाईने, ठळक.
तीन दांड्या झाल्या की नाव कमी.
कागद मीच टाईप केला होता,
सौना आटोपून, ओल्या केसांनी,
रात्रीचे दहा वाजले तरी
ऊन खिडकीतून हलायला तयार नव्हतं.
ओउलूत ऑगस्ट महिन्यात
कुणीही कशालाही हो म्हणतं.

नोव्हेंबरात फोन बोलू लागतो.
सैयाची रात्रपाळी बदलली.
हिल्काच्या मुलाचा कान दुखतोय.
पिर्योचा गुडघा.
पुढच्या आठवड्यात पिर्योचा दुसरा गुडघा.
वेन्ला काही लिहीत नाही,
बर्फात रुतलेल्या चाकाचा फोटो पाठवते.
खोटं कुणीच बोलत नाही, हीच पंचाईत.
खोटं असतं तर भांडता आलं असतं.

शेजारच्या वर्गात गायनमंडळ बसतं.
त्यांची एक बाई आली नाही
तर गाणं जरा बारीक होतं, एवढंच.
आमची एक बेस आली नाही
तर हिल्का जमिनीवर राहते,
एक्केचाळीस वर्षांची, टॅक्स ऑफिसातली,
केस घट्ट बांधून,
वर जायची वाट बघत.

मी सगळं करून पाहिलं.
दंडाची बरणी ठेवली, दांडीला पाच युरो.
डिसेंबरपर्यंत ती भरली
आणि मलाच तिच्याकडे बघवेना.
दालचिनीचे पाव नेले.
रागावले.
रागावल्याबद्दल माफी मागणारा मेसेज
रात्री एक वाजता लिहिला, पुसला.
अडीच मिनिटांच्या नाचासाठी
आठ महिन्यांची मोट बांधायची,
आणि दोर सारखा ओला.

तार्याच्या तीन दांड्या
बारा डिसेंबरला पुऱ्या झाल्या.
तार्या नगरपालिकेचा बर्फाचा नांगर चालवते.
बर्फ पडला की तिची ड्यूटी,
आणि बर्फ
गुरुवार बघून पडत होता.
तिचे खांदे आमचा डावा कोपरा.
नियम माझा, सही तिची,
वही उघडी, पेनाचं टोपण काढलेलं.

त्या रात्री आम्ही अकरा जणी.
फ्लोअरबॉलच्या पोरांचा घामट वास अजून हॉलमध्ये,
बाहेर उणे बावीस.
म्हटलं, डावा कोपरा रिकामा ठेवून करू,
तिथे कुणी उभं राहायचं नाही,
तिचे आकडे मात्र मोठ्याने मोजायचे.
पाच, सहा, सात, आठ.
सैयाने हवेत हात धरला
जिथे तार्याचं मनगट असतं.
हिल्का वर गेली नाही,
नुसती टाच उचलून
श्वास धरून थांबली.

तेवढ्यात खिडकीत पिवळा दिवा फिरू लागला.
शाळेचं आवार साफ करायला नांगर आला होता.
आणि थांबला.
काचेवर दव, पलीकडे अंधार,
आत कोण आहे ते दिसत नव्हतं,
तिला मात्र आम्ही दिसत असणार:
अकरा बायका
आणि तिच्या मापाची एक पोकळी,
जिच्याभोवती आम्ही सांभाळून वळत होतो.
आम्ही पुन्हा पहिल्यापासून केलं.
दुसऱ्यांदा आठ आकडा आला तेव्हा
नांगराचं पातं वर गेलं, खाली आलं.
मग ती निघून गेली. रस्ते बाकी होते.

पुढच्या गुरुवारी आली, बूट न काढताच
गाद्यांच्या वळकट्या ओढू लागली.
मी काही विचारलं नाही.
तीही बोलली नाही,
फक्त म्हणाली, मी उशिरा मोजते असं वाटतंय,
सातला अर्ध्यावर असते.
हे खरंच होतं. सप्टेंबरपासून खरं होतं.

मार्चमध्ये ताम्पेरेला आम्ही सहापैकी चौथ्या आलो.
पिर्यो एका गुडघ्यावर पट्टी बांधून नाचली,
चुकीच्या गुडघ्यावर, असं नंतर कळलं.
बरणीतल्या पैशांत बसचं डिझेल आलं.

वही माझ्याकडे आहे.
बारा डिसेंबरच्या ओळीत तार्यापुढे
मी फुली मारली नाही, बरोबरची खूणही केली नाही.
पेन तिथे टेकलेलं दिसतं.
एक निळा ठिपका,
आणि शाई थोडी पसरलेली.