कसंतरी

रास्ता पेठेत, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत
आठवड्यातून दोनदा मी मराठी शिकवतो.
पाच जण येतात. त्यातली लिंथोई, इंफाळची नर्स,
रात्रपाळी उतरून थेट येते,
बुटांना अजून फिनेलचा वास असतो.

मंगळवारी तिनं विचारलं,
"सर, पेशंट म्हणतात, कसंतरी होतंय.
कसंतरी म्हणजे कुठं दुखतं?"
मी हसलो. खडू उचलला. खाली ठेवला.

अकरा वर्षं मी याच वाक्यांच्या मागे होतो.
मला भूक लागते. मला थंडी वाजते. मला मराठी येते.
माणूस काही करतच नाही,
त्याला आपलं सगळं होत राहतं.
टिपणीस सर चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे,
"ते ठीक, पण कर्ता कुठाय?"
आणि मी कर्ता शोधत हिंडायचो
मंडईत, रेशनच्या रांगेत, कात्रजच्या बसमध्ये,
लोकांची वाक्यं तिकिटांच्या पाठीवर उतरवत.
बाटाच्या चार खोक्यांत ती अजून आहेत.
एक वाळवीनं खाल्लं. म्हणजे तीन.

मला आठवतं, पण मी विसरतो.
आठवण आपोआप येते,
विसरायचं काम मात्र आपलं आपल्यालाच करावं लागतं.
हे मला चाळिशीत कळलं,
आणि मी ते तळटीपेत टाकलं.

त्या रात्री खोका काढला.
चिठ्ठी क्रमांक चारशे बारा:
'कसंतरी होतंय रे.'
स्त्री, वय एकाहत्तर, मूळ गाव भोर. पहाटे चार दहा.
खाली माझंच बारीक अक्षर,
'कर्ता नाही. कर्म नाही. "रे" तपासणे.'

ती आई होती.
मी आधी पेनचं टोपण काढलं
आणि मग बेल दाबली.
मधे किती वेळ गेला ते चिठ्ठीवर नाही.
प्रबंधात, पान एकशे सव्वीसवर,
आई उदाहरण क्रमांक नऊ आहे.
परीक्षकांनी त्या पानाचं विशेष कौतुक केलं होतं.

शुक्रवारी लिंथोई उशिरा आली, केस ओले, डबा तसाच.
"सर, आठ नंबरच्या आजींना रात्री कसंतरी झालं.
बीपी बघितलं, ऑक्सिजन बघितला, सगळं बरोबर.
मग स्टूल ओढलं. बसले.
म्हटलं, आजी, मी कळते."

'मला कळतं' हवं. चतुर्थी हवी.
अगदी जिभेवर आलं होतं.
"मग आजी काय म्हणाल्या?"
"म्हणाल्या, हो गं बाई, कळतेस."

खाली कुणीतरी चाक फिरवून बघत होतं,
आऱ्यांत काहीतरी अडकून टकटक वाजत होतं.
तिनं ते वाक्य वहीत लिहून आणलं होतं,
तपासायला पुढं केलं.
लाल पेन खिशात होतं.
मी तारीख तेवढी घातली.
सही करायला विसरलो.