छाट

निपाणीत, आमच्या गल्लीत, एकाच उंबऱ्यावर
आईच्या मांडीवर सूप,
माझ्या मांडीवर लॅपटॉप.
दोघींची मान एकाच कोनात मोडलेली.

तिची मजुरी हजारावर, माझीही.
हजार बिड्या: पान भिजवायचं, कातरायचं,
तंबाखू भरायची, दोरा, झालं.
हजार चौकटी:
कधी न बघितलेल्या शहरात
रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्याभोवती एक,
सायकलीभोवती एक,
बर्फात पोटापर्यंत बुडालेल्या कुत्र्याभोवती एक.
म्हणजे तिकडची गाडी ड्रायव्हरविना धावेल
आणि कुणाला चिरडणार नाही.
मी बर्फ पाहिलेला नाही.
पण बर्फात माणूस कसा ओळखायचा
ते त्या गाडीला मी शिकवलं.

संध्याकाळी चेकर बाबगोंडा खोत
आईच्या बिड्या बोटांनी चाळतो.
ही आखूड, ही सैल. छाट.
छाटीचे पैसे नाहीत,
आणि छाट परतही मिळत नाही.
आईनं एकदा विचारलं,
"छाटीचा धूर निघत न्हाई काय?"
खोत हसला. त्याला पंचवीस वर्षं ती ओळखते,
त्याच्या पोरीच्या बारशाला ती जेवलीय.

माझा चेकर कोण, ठाऊक नाही.
कुणी म्हणतं डब्लिन, कुणी मनिला.
लाल अक्षरं येतात: नाकारले, कारण सात.
सात म्हणजे काय,
हे विचारायला खिडकी नाही.

मग आवाजाचं काम निघालं.
मराठी बोलणारे पाहिजेत, तासाला दीड डॉलर.
त्याच यादीत चार ओळी खाली
नॉर्वेजियन: तासाला चोवीस.
मी भाषा मराठी निवडली, राज्य कर्नाटक.
पडदा म्हणाला, हे दोन्ही एकत्र चालत नाही.
हे वाक्य माझ्या आज्जानं मोर्चात ऐकलं होतं,
काठीसकट.
मी कोल्हापूर टाकलं.

आईला माइकपुढं बसवलं.
"काय बोलू गे?"
बोल काहीही.
मग ती बोलली: पानाचा भाव, गुडघा,
"जेवलीस काय, काय करायलीस, थांब की जरा,"
मध्येच दारातनं जाणाऱ्या मल्लव्वाला
"बारे इल्ले" म्हणाली
आणि पुन्हा मराठीत आली.
मध्ये काही ओलांडलं
हे तिच्या गावीही नव्हतं.

नाकारले. कारण बारा: अशुद्ध, मिश्र.
पैसे नाहीत.
आवाजही परत नाही.

जानेवारीत कुठल्या दोन देशांचं
चिपांवरून बिनसलं.
लांब टेबल, छोटे झेंडे, पाण्याच्या बाटल्या,
बातमीत एवढंच दिसलं.
मंगळवारी सकाळी पडदा उघडला तर
तुमच्या भागात ही सेवा उपलब्ध नाही.
सत्तावीस दिवसांची मजुरी आत,
मी बाहेर.

सीमा आम्हांला नवी नव्हे.
फलकाला कुणी काळं फासलं
की कोगनोळीला बसगाड्या अडतात.
आम्ही उतरतो, पिशव्या उचलतो,
शेंगा खात चालत पलीकडं जातो,
पलीकडच्या गाडीत जागा धरतो.
शिवी द्यायला समोर पोलिस तरी असतो,
आणि तो बहुतेक चिकोडीचा निघतो.
ह्या सीमेवर
उतरायचं कुठं?

परवा आईच्या फोनवर कर्जाची जाहिरात आली.
बाईचा आवाज, यंत्राचा, गुळगुळीत.
शेवटी म्हणाला, "थांबा की जरा."
तो 'की' असा ओढलेला,
चुलीपाशी बसून ओढतात तसा.

आईची कातर थांबली.
"ही आमच्याकडली दिसतीया."
मी गप्प.
"कुणाची गे तू?" आईनं फोनला विचारलं.
समजलं नाही, यंत्र म्हणालं,
पुढं जाण्यासाठी एक दाबा.

आईनं काही दाबलं नाही.
सूप खाली ठेवलं,
फोन कानाशी आणखी जवळ धरला
आणि तोच प्रश्न, बहिऱ्या नातलगाला विचारावा तसा,
मोठ्यानं पुन्हा विचारला.